लोहपंखाचं वर्ष

त्या वर्षी आमच्या घरात आवाज पुष्कळ होते, आईचा तेवढा नव्हता. नल्लकुंट्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पहाटे आधी आत्याचा खलबत्ता वाजायचा, मग खालच्या नळावर शेजारच्या सुशीलम्मांची पाण्याची पितळी बिंदगी आदळायची आणि मग बाबांच्या शिंका सुरू व्हायच्या. बाबा बेगम बाजारात मिरची-मसाल्याच्या एका ठोक दुकानात मुनीम होते. वर्षानुवर्षं पोत्यांच्या ढिगात बसून त्यांचं नाक कायमचं बिघडलं होतं. त्यांच्या सदऱ्याला धण्यांचा आणि सुक्या मिरचीचा वास यायचा, तो कितीही धुतला तरी जायचा नाही. आई तो सदरा धुवायची, पिळायची, दोरीवर टाकायची, भाकरी थापायची, अंबाडीची भाजी हाटायची. सगळं अगदी वेळच्या वेळी. पण बोलायची नाही. मीठ हवं का, दार लाव, पाणी आलं, एवढंच. माझ्या पाठीवर पुष्कळ वर्षांनी मला भाऊ झाला होता आणि बारशाच्या आधीच तो गेला होता. आई दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली, त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्यामागे ती परभणीकडचं घर सोडून आमच्याकडे आली होती आणि घरात तिचा शब्द चालायचा. वाईट नव्हती. मला स्वतःच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी काढून द्यायची. पण बाळाबद्दल कुणी काही बोलायचं नाही, हा नियम तिनंच घातला होता. "आठवण काढली की जखम भरत न्हाई," असं तिनं मला एकदा जिन्यात थांबवून बजावलं. मी तेव्हा सातवीत. मला तो नियम मोठा अवघड वाटायचा, कारण मला खूप बोलायचं असे आणि घरात ऐकायला कोणी नसे.

अशात मला लोहपंख भेटला. शाळेतून येताना बरकतपुऱ्याच्या वळणावर जब्बारभाईंची लाकडी टपरी होती. दोन बांबूंना सुतळी बांधून तिच्यावर ते कॉमिक्स वाळत घातल्यासारखी लटकवायचे आणि भाड्यानं द्यायचे. आज न्यायचं, उद्या आणून द्यायचं. त्या दिवशी सुतळीवर एक नवीन हिंदी पुस्तक होतं. मुखपृष्ठावर जांभळं आभाळ, खाली पेटलेलं शहर, आणि मधोमध एक माणूस, ज्याच्या पाठीतून पोलादाचे दोन प्रचंड पंख बाहेर आले होते. त्या पंखांवर ठिणग्या उडत होत्या. मी रस्त्यातच उभी राहिले. एक सायकलवाला मला शिव्या देऊन गेला. आजही मला ते जांभळं आभाळ डोळे मिटले की दिसतं. पुढे आयुष्यात चांगली चित्रं पुष्कळ पाहिली, पण छाती धडधडायला लावणारं ते पहिलं.

लोहपंख दिवसा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. नाव सुधीर. घरी त्याची म्हातारी आई. संकट आलं की त्याचे खांदे तापायचे, 'कड़क् कड़क् सनन्' असा आवाज व्हायचा आणि पंख उलगडायचे. त्याचा शत्रू डॉक्टर तेजाब, काचेच्या बरण्यांत जगातली सगळी विषं जमवून बसलेला. मी ते पुस्तक घरी येईपर्यंत चालता चालता निम्मं संपवलं आणि उरलेलं स्वयंपाकघरात, कारण उजेड तिथंच बरा होता. आणि मला मनात वाचता येत नसे. मी मोठ्यानं वाचायची, तेही हिंदीतून नाही. डोळ्यांनी हिंदी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची, आमची हैदराबादी मराठी, निम्मी इकडची निम्मी तिकडची. आई परातीत पीठ मळत होती. मी लोहपंखाला डॉक्टर तेजाबच्या बरणीत कोंडलं, झाकण लावलं, हिरवा धूर सोडला, आणि तेवढ्यात मला तहान लागली म्हणून उठले.

"मग?" आई म्हणाली.

मी माठाशी थांबले. मला वाटलं सुशीलम्मा दारात आल्या असतील. पण स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो आणि आईचे हात परातीत थांबले होते.

"मग काय झालं? निघाला का तो बाहेर?"

मी पाणी न पिताच परत बसले. त्या दिवशी मी लोहपंखाला बरणीतून असं काही बाहेर काढलं की तसा तो पुस्तकातही निघाला नसेल. पळीनं कढई बडवली, डबे वाजवले, आत्या बाहेरून ओरडली, "घरात काय हत्ती शिरलाय का गं?" आई पुन्हा पीठ मळायला लागली. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा माझं दप्तर तिनं स्वतः उतरवून घेतलं आणि आत काय आहे ते पाहिलं.

मग ते वर्ष सुरू झालं. ते वर्ष म्हणजे माझ्या लेखी लोहपंखाच्या अंकांचं वर्ष. महिन्याला एक नवा अंक यायचा. मधल्या दिवसांत मी दुसऱ्या कुणाकुणाची पुस्तकं आणायची, पण आमचं खरं लक्ष त्याच्याकडे. उन्हाळ्यातला अंक मला सगळ्यात आवडला, ज्यात तो सूर्याच्या फार जवळ जातो, पंख वितळायला लागतात आणि तो ते थंड करायला ढगात बुडी मारतो. एक अंक अगदी टाकाऊ निघाला. चित्रकार बदलला होता, लोहपंखाचे गाल सुजल्यासारखे दिसत होते आणि पंख कोंबडीचे. मी रडायच्या बेताला आले. जब्बारभाईंना जाऊन म्हटलं, "ये असली नहीं है." ते म्हणाले, "बेटी, मैं बनाया क्या? हौ, मेरेकू बी नक्को हुआ ये." मग एक अंगारिका नावाची बाई आली, तळहातांतून ज्वाळा सोडणारी. तिला पाहून मी आठवडाभर तळहात पसरून फिरत होते. आई म्हणाली, "बरी आहे. हिला चूल पेटवायला काड्यापेटी नको," आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

आईचे प्रश्न माझ्यासारखे नसत. मला युद्धात रस, तिला घरात. पंख बाहेर येताना सदरा फाटत असेल, तो शिवतं कोण? कारखान्यात हजेरी कशी लागते? रात्रपाळीला जातो असं सांगून हा आभाळात हिंडतो, तर जेवतो कधी? आणि सगळ्यात जास्त तिला खुपायची ती सुधीरच्या आईची गोष्ट. प्रत्येक अंकात एका चौकटीत तरी ती म्हातारी ताट वाढून वाट बघत बसलेली असे. मुलगा कोण आहे, काय करतो, तिला माहीत नव्हतं. सगळ्या शहराला ठाऊक, तिलाच नाही. "तिला सांगून टाकायला काय होतं यांना?" आई चिडून म्हणायची. "म्हातारी काय कागदाची आहे का, फाटायला?" मला वाटायचं, किती रंगून ऐकते आई. याच्या पलीकडचं काही मला तेव्हा ऐकू आलं नाही.

दुपारच्या त्या वाचनाला हळूहळू सुशीलम्माही येऊन बसायला लागल्या. त्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात राहायच्या, करीमनगरकडच्या, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. मराठी त्यांना समजायची, बोलायच्या मात्र तेलुगूच. आईला त्या 'वदिना' म्हणायच्या, म्हणजे वहिनी. येताना पदराखाली काहीतरी आणायच्या, कधी तांदळाच्या पिठाच्या चकल्यांसारखे सकिनालू, कधी वाटीभर चिंचेचं कच्चं सार, पच्ची पुलुसू. आत्या बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसायची, पण मी डॉक्टर तेजाबचं हसू हसले की तिची माळ थांबायची, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

आणि मग तो अंक आला. डॉक्टर तेजाबनं धरणाच्या भिंतीत विष भरलं होतं, भिंतीला तडे गेले होते आणि खाली अख्खं शहर बेसावध. लोहपंखानं पाठ लावून धरणाचा दरवाजा रोखून धरला. पाण्याच्या रेट्यानं त्याचा एक पंख वाकला. शेवटच्या चौकटीत फक्त त्याचे डोळे होते आणि खाली लिहिलं होतं, पुढच्या अंकात वाचा. मी पुस्तक मिटलं तेव्हा सुशीलम्मांनी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. "अय्यो, इप्पुडु एला?" आता कसं? त्या दिवशी आईची एक भाकरी करपली. तिच्या हातची करपलेली भाकरी मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

पुढचा अंक आलाच नाही. महिना गेला. मी रोज टपरीवर जायची आणि जब्बारभाई म्हणायचे, "परसों देखो." हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे, परसों म्हणजे कधीतरी, हे जन्मापासून ठाऊक असूनही मी दर वेळी दोन दिवसांनी जायची. आईची तर वेगळीच दशा. मी जिन्यात दिसले की ती गॅलरीतून मान उंचावून माझ्या हातांकडे बघायची. एक दिवस तिनं कुकरखालचा गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "शोभे, कोटीला मिळेल का गं?"

कोटी म्हणजे बसनं जायचं. आणि आई दवाखान्यातून आल्यापासून जिन्याच्या खाली उतरली नव्हती. भाजीसुद्धा दारावर घ्यायची. आत्या चटकन उठून आत आली. "कोटीला? पोरीच्या चित्राच्या पुस्तकापायी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, धरण फुटतंय," आई म्हणाली.

असं उत्तर तिनं आत्याला कधी दिलं नव्हतं. आईनं हिरवी इरकल काढली, नीट नेसली, माझी वेणी घातली आणि आम्ही निघालो. बसमध्ये बायकांच्या बाजूला खिडकीची जागा मिळाली. आई सगळं बघत होती, जणू शहर नवीन बांधलंय. चादरघाटच्या बाजूला वळताना वारा आला, तिच्या कपाळावरचे केस उडाले आणि तिनं ते सारखे केले नाहीत. मला वाटत होतं आम्ही दोघी कुठल्या तरी मोहिमेवर निघालो आहोत. आणि निघालोच होतो की.

कोटीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असत. वैद्यकीच्या जाड ग्रंथांपासून शिवणकामाच्या मासिकांपर्यंत सगळं एकाखाली एक. आम्ही एकेका ढिगापाशी उकिडव्या बसायचो. आई विचारायची, "लोहपंख है क्या? धरण वाला?" कुणी नाही म्हणायचं, कुणी हसायचं. एकानं तिला धरणं बांधण्यावरचं इंजिनिअरिंगचं पुस्तक काढून दिलं. ऊन चढलं. आम्ही गाड्यावर मिरची भजी खाल्ली, तोंड पोळलं, वर उसाचा रस प्यायलो आणि पुन्हा शोधायला लागलो. अखेर एका दुकानाच्या पायरीवर, एका चष्मेवाल्या विक्रेत्याच्या गठ्ठ्यात मला ते दिसलं. फुटलेलं धरण, पांढरं पाणी, आणि मधोमध तो. मी ओरडलेच. आईनं झडप घालून पुस्तक उचललं.

ते तेलुगूत होतं.

"हिंदी नहीं आता अब," विक्रेता म्हणाला. "ये बी एकीच बचा."

शाळेत मला तेलुगू होतं, पण अक्षरं जुळवेपर्यंत वाक्य हातातून निसटायचं. मी रडकुंडीला आले. आईनं पानं चाळली, चित्रं पाहिली आणि पुस्तक माझ्या हातातल्या पिशवीत घातलं. "रडतेस काय? सुशीलम्मा आहे की."

त्याच दुपारी, पाय धुवायलाही न थांबता, आम्ही गॅलरीत बसलो. सुशीलम्मांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. आणि मग एक गंमत झाली. त्यांचं वेगातलं पुस्तकी तेलुगू माझ्या कानावरून जायला लागलं, पण आईला ते समजत होतं. इतकी वर्षं नळावर, जिन्यात, भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं तिच्यात साठलं होतं. ती मला सांगायला लागली. "तो म्हणतोय, आधी माणसं बाहेर काढा. ती अंगारिका म्हणतेय, मी पाणी जाळते. कसं जाळशील बाई? आता बघ, तेजाब आला." आईचे हात हलत होते, डोळे मोठे झाले होते, आवाज चढत होता. मी पुस्तकाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. आजवर मी सांगायची आणि ती ऐकायची. त्या दिवशी मी गुडघ्यांना मिठी मारून बसले आणि आईनं मला गोष्ट सांगितली.

शहर वाचलं. लोहपंख वाचला नाही. दरवाजासकट तो पाण्याखाली गेला. नदीकाठी लोकांनी दिवे लावले, अंगारिकेनं मान खाली घातली. शेवटच्या पानावर सुधीरची आई होती. तिनं ताट वाढलं होतं, दाराकडे पाहिलं होतं, आणि अखेरच्या चौकटीत ती त्या ताटावर दुसरं ताट झाकत होती. खाली लिहिलं होतं, समाप्त.

सुशीलम्मांनी चष्मा काढला. मी घाबरून आईकडे पाहिलं. हे मरणाचं पुस्तक आपणच घरात आणलं, आता ती पुन्हा मुकी होणार, असं मला वाटलं.

"तिला कुणी सांगितलं?" आईनं विचारलं.

सुशीलम्मांनी पान उलटलं. मागे दंतमंजनाची जाहिरात होती. "लेदु वदिना," त्या म्हणाल्या. नाही, तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"सगळ्या गावाला माहीत. दिवे लावले. तिला कुणी सांगितलंच नाही?" आईचा आवाज फाटला. "मलापण नाही सांगितलं, अक्का. माझ्या मुकुंदाचं. मला ताप होता म्हणून. ते म्हणायचे, काचेच्या पेटीत ठेवलंय, उद्या आणू. मी रोज विचारायची. माझं अंग दुधानं भरून यायचं आणि मी विचारायची, आणि सगळे म्हणायचे, उद्या. तो कधीच गेला होता."

सुशीलम्मांनी तिला जवळ ओढलं आणि आई रडली. मी तिला तसं रडताना पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या भावाला नाव होतं, मुकुंद, हेही मला त्या क्षणी कळलं. मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी बाबा आले. आईनं त्यांना पाणी दिलं, बसू दिलं आणि समोर बसली. आत्या दारात उभी होती.

"अहो, कुठं ठेवलंत त्याला?"

बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग खाली. "अंबरपेटच्या बाजूला. स्मशानाच्या भिंतीकडेला करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली."

"अंगावर काही घातलं होतं का?"

"तुझ्या आईनं शिवलेलं झबलं. पिवळं." बाबांनी दोन्ही हात पुढे धरले. "मीच नेलं त्याला, दोन्ही हातांवर. ताई म्हणाली, तिला आता सांगू नका, सोसायचं नाही. मला वाटलं, खरंच सोसायचं नाही. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच."

"मी सांगितलं त्यांना तसं," आत्या दारातून म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "माझं चुकलं. माझी दोन गेली, तेव्हा मला समोर आणून दाखवली होती. मला वाटलं, तुला तरी ते बघायला लागू नये."

आत्याची दोन मुलं गेली होती, हे आमच्यापैकी फक्त बाबांना ठाऊक असावं. "वन्सं," आई म्हणाली, "मला बघायचं होतं." एवढंच. नंतर तिनं सगळ्यांची पानं घेतली. दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले नाहीत. दोघं सकाळीच अंबरपेटला गेली आणि ऊन झाल्यावर परत आली. आईच्या साडीच्या काठाला माती लागली होती. तिनं आंघोळ केली आणि चिंचेचं सार केलं, कढीपत्त्याच्या फोडणीचं. त्या वासानं मी अजूनही तिथं जाऊन पोचते.

माझी नात गच्चीबावलीत राहते. असले वीर ती चित्रपटगृहात, काळा चष्मा लावून बघते आणि मला म्हणते, "आज्जी, तुमच्या टाइमला हे काहीच नव्हतं ना?" मराठी ती बोलते, वाचायचा कंटाळा करते. मी तिला सांगत बसत नाही. ज्याचा त्याचा उत्साह ज्याच्या त्याच्या वयात.

तर मी म्हणत होते, लोहपंख संपला. मी त्याचं सुतक पाळलं, टपरीकडे फिरकले नाही. आणि एका दुपारी बरकतपुऱ्याच्या वळणावर जब्बारभाई हातात काहीतरी फडकवत मला हाका मारू लागले. "अरे बेटी, इधर आओ! देखो कौन आया!" मुखपृष्ठावर समुद्र होता, कोळ्यांचं जाळं होतं, आणि जाळ्यात एक पोलादी पंख. पहिली दोन पानं मी तिथंच वाचली, पुन्हा हिंदीतच आला होता तो, आणि धावत सुटले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले, चप्पल खाली कुठं पडली माहीत नाही. आई लसूण सोलत होती.

"आई, तो जिवंत आहे! कोळ्यांना सापडला! नदीतून वाहत समुद्रात गेला होता, आणि पंखांनी हवा धरून ठेवली होती, म्हणून बुडाला नाही!"

आईनं सगळं ऐकून घेतलं. नदी, समुद्र, कोळी, हवा. पुस्तक हातात घेतलं, चित्राकडे बारकाईनं पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदरही सुटला. लसणाची सालं स्वयंपाकघरभर उडाली. "कायतरीच मेलं!" ती म्हणत होती. "पंखांत म्हणे हवा धरली! पोलादाच्या! कोण लिहितं गं असलं?" मीही हसायला लागले, कारण ती हसत होती, आणि मग आम्हाला थांबवता येईना.

बाहेरची माळ थांबली. आत्या दारात येऊन उभी राहिली, घाबरलेली. "काय झालं? काय झालं गं तिला?"

आईनं डोळे पुसले आणि आपल्या शेजारचा पाट पुढे सरकवला.

"काही नाही वन्सं, बसा," ती म्हणाली. "लोहपंख परत आलाय."

आत्या क्षणभर घुटमळली. मग गुडघ्यावर हात देऊन हळूच खाली बसली आणि मला म्हणाली, "वाच."